आप्पांच्या दंडाला बांधलेला पट्टा

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मला कीव येते, हे आधीच सांगते. या सदरात दर वेळी कुणाला तरी पांढऱ्या साडीतली बाई दिसते, आणि बघणारा हमखास एकटाच असतो. मी डॉक्टर आहे. असल्या गोष्टींचा मला तिटकारा आहे. तरी हे लिहितेय...

लातूर जिल्हा नवा नवा झाला होता आणि वर दुष्काळ. रेणापूरला रक्तदाबाच्या एका गोळीचा अभ्यास चालू होता, मी त्यात नोकरीला. आमचे सर शहरात बसायचे. त्या गोळीनं लघवी वाढते, अंगातलं पाणी कमी होतं आणि रक्तदाब उतरतो. आणि इथं लोक टँकरच्या पाण्यासाठी भांडत होते. म्हातारी माणसं चक्कर येऊन पडतायत, असं सरांना कळवलं. "ऊन आहे," सर म्हणाले. "अभ्यासातून एकही पेशंट गळता कामा नये." भिंतभर डिग्र्या, आणि अक्कल एवढी.

शिवलिंगप्पा, म्हणजे सगळ्यांचे आप्पा, आणि कस्तुरबाई, किराणा दुकानवालं जोडपं, दोघंही या अभ्यासात ती गोळी घेत होती. एका दुपारी आप्पा एकटेच आले, स्टुलावर बसले. मी दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली... काही ऐकू येईना. पुन्हा भरली. पारा पार तळाला गेला, ठोका नाहीच. सरांनी भिकार स्टेथोस्कोप माथी मारला म्हणून मी चरफडले.

"माझं राहू द्या, बाई," आप्पा म्हणाले. "कस्तुरीचं बघा. ती उठंना झालीय."

"मग घेऊन यायचं ना त्यांना. दुकान पळून चाललं होतं का?"

"मला आता न्हाई जमत," म्हणाले, आणि उठून गेले.

पेशंट गळला तर सरांची बोलणी खावी लागतील, म्हणून मी वैतागत जीप काढायला लावली. त्यांच्या घरी पोचले तर ओसरीवर भिंतीला टेकून आप्पा मांडी घालून बसलेले. कपाळाला विभूती, गळ्यात हार. हे माझ्याआधी कसे पोचले, असं रागानं विचारणारच होते, तेवढ्यात त्यांचा पुतण्या पुढं आला.

"पहाटेच गेले, डॉक्टरीणबाई. पाहुण्यांची वाट बघायलोय."

लिंगायतांत मयताला बसवतात, हे मला ठाऊक होतं. तरी मी वळून त्यांच्या दंडाकडं पाहिलं.

"आणि कस्तुरबाई?"

"आत पडून हाय. दुःखानं बोलंना झालीय."

आत बायका त्यांना गदागदा हलवून रडवायला बघत होत्या. मी सगळ्यांना बाजूला केलं. जीभ लाकडासारखी वाळलेली, नाडी धाग्यासारखी. तोच पट्टा, तोच स्टेथोस्कोप... आता ठोके आले, पण फार खाली. जीपमध्ये घालून लातूरला नेलं, सलाइन लावलं. वाचल्या.

सरांचा निकाल तयार होता. आप्पांचं वय झालेलं, मला ऊन लागलेलं, गोळी उत्तम. मी घरोघर जाऊन गोळ्या बंद करायला सांगितलं, त्यांनी मला काढलं. पुढं त्यांनी परिषदेत ती गोळी सुरक्षित असल्याचा निबंध वाचला आणि टाळ्याही घेतल्या. त्या माणसापेक्षा मला कुठलंही भूत चालेल.

भास झाला, असं मी स्वतःलाही सांगून पाहिलं. पण आतल्या खोलीत पडलेली बाई त्या भासाला कशी कळली?

बरं वाटल्यावर कस्तुरबाईंनी एकच विचारलं.

"तुमचा हात लागला होता का त्यांना?"

"हो. पट्टा बांधला ना."

"गार होते का?"

मी आठवून पाहिलं. "नाही. गरम होते."

त्यांनी पदर तोंडावर घेतला आणि तेव्हा कुठं रडल्या.

ठोका नसलेला दंड गरम कसा, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. तुमच्याकडं असेल, तर कृपा करून मला कळवू नका.