पाच मिनिटं पाणी सोडायचं

माझं डोकं लवकर सटकतं, हे अख्ख्या पाड्याला ठाऊक आहे. म्हणून सारिका, माझी बायको, जेव्हा म्हणाली, “अवो, मी प्लंबरचं शिकायला शहापूरला जाते,” तेव्हा मी ताटावरून उठलोच. म्हटलं, गावात आपलं हसं व्हायचं तेवढंच बाकी राहिलंय!

पण खरं तिचंच होतं. डोळखांबच्या पुढं, डोंगराच्या अंगाला आमचा पाडा. घरोघर नळ आले, पण जोड निखळला की शहापूरहून माणूस येईस्तोवर आठ-आठ दिवस कोरडे. बाया परत हंडे घेऊन खालच्या विहिरीवर. सारिका सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून कसंबसं निभवायची. शेवटी पंचायतीनं सांगितलं, देखभालीला इथलाच माणूस घेऊ, पण परीक्षा पास झालेला पायजे. दहावी झालेलं आणि दिवाळीनंतर कामाला बाहेर न जाणारं माणूस पाड्यात एकच होतं.

तीन महिने ती सकाळच्या एसटीनं गेली. भाकऱ्या मी थापल्या. कशा झाल्या ते विचारू नका. संध्याकाळी ओट्यावर पाईपचे तुकडे मांडून बसायची. माप घे, काप, कडा घास, सोल्युशन लाव, जोड. चुकलं की पुन्हा. तिचा हात बसत गेला तसा माझा आवाज खाली येत गेला. खोटं कशाला बोलू, मला तिचं फार कौतुक वाटायला लागलं होतं. तोंडातून मात्र निघत नव्हतं.

परीक्षेला मी सोबत गेलो. आत सोडेनात, म्हणून शेडच्या खिडकीशी उभा राहिलो. सारिकानं अशी लाईन जोडली की बघत राहावं. मग परीक्षक म्हणाले, “आता पाणी सोडा. पाच मिनिटं वाहू द्या.”

तिनं वॉल्व उघडला. भिंतीच्या भोकातून पाणी बाहेर माझ्या पायाशी गटारात पडायला लागलं. अर्धं मिनिट झालं नसेल, तिनं वॉल्व बंद केला.

“बंद का केलंत?”

“साफ पाणी यायला लागलं, सर.”

“पाईप कापताना पडलेला कीस आत राहतो, बाई. तो नळात अडकला की नळ गळायला लागतो. मग किती पाणी जाईल? उघडा.”

तिला पटलं. तिनं उघडला. पण पाणी धो धो गटारात चाललेलं, आणि तिचा हात परत वॉल्ववर. परत बंद! परीक्षक म्हणाले, “ही शेवटची संधी. नाहीतर नापास.”

अगो बाय माझे, हात काढ ना! मला ओरडावंसं वाटलं. रागच आला. मग खाली बघितलं तर माझाच तळहात त्या भोकाला लावलेला, पाणी अडवायला. आता तिला काय बोलणार?

वॉचमनचं निळं पिंप झाडाखाली रिकामं पडलं होतं. मी ते धावत आणलं, भोकाखाली लावलं आणि खिडकीतून हाक मारली, “सारिके, सोड! मी भरून घेतो!”

परीक्षक चष्म्यावरून बघायला लागले. “हे कोण?”

“मालक हायेत माझे,” सारिका म्हणाली. मान खाली.

मला वाटलं, आता हाकलतात. पण ते घड्याळाकडं बघत म्हणाले, “पाणी वाहू द्या एवढाच नियम आहे. कुठं जाऊ द्या, ते लिहिलेलं नाही.”

सारिकानं वॉल्व उघडला आणि दोन्ही हात मागं बांधले. पुरी पाच मिनिटं. मग हातपंपानं पाईपात दाब देऊन बघितला; दाबाचा काटा जागचा हलला नाय, म्हणजे कुठं गळती नाय.

चार वाजता यादी लागली. तिचं नाव होतं. मी वळून बघतो तर ही पिंपापाशी बसून रडतेय. काठोकाठ भरलं होतं ते.

“पास झालीस गो! आता काय झालं?”

“एवढ्यात आपलं घर दोन दिवस चालतं,” ती म्हणाली. पदरानं तोंड पुसलं. “आणि आता पाड्यावर पाणी नाय आलं, तर लोक शिव्या कोणाला घालणार? मलाच ना.”

मी तिच्या शेजारी बसलो. एवढ्या लोकांत कधी धरला नव्हता, पण तिचा हात हातात घेतला.

“शिव्या माझ्याकडं पाठव,” म्हटलं. “तू पाणी बघ.”