शेजारणीचे हॉप

मी इंग्लंडात ब्रॅकनेलला मुलाकडे राहायला गेले तेव्हा वाटलं होतं, संध्याकाळी ऑफिसातून आला की तो घटकाभर माझ्यापाशी बसेल. तो यायचा आणि सरळ मागच्या गार्डनमध्ये जाऊन कुंपणाला टेकून शेजारणीशी बोलत राहायचा. ती माझ्याच वयाची, एकटी. तिच्या भिंतीवर दोऱ्यांनी चढवलेला हॉपचा वेल होता. गोल्डिंग नावाची जुनी, इकडचीच जात. त्याची हिरवी, कागदासारख्या पाकळ्यांची बोंडं घालून ती घरी बिअर करायची.

एकदा त्याने एक बोंड तळहातावर चोळलं, डोळे मिटून हुंगलं आणि माझ्या नाकाशी धरलं.

"आई, वास बघ. मधासारखा येतो ना?"

वास चांगला होता. मी म्हटलं, "गोठ्यासारखा येतो."

माझ्या हातची आमटी खाऊन तो मोठा झाला. त्या आमटीचा वास घ्यायला त्याने कधी डोळे मिटले नाहीत.

सप्टेंबरात शेजारणीने वेल खाली उतरवला आणि आम्हा दोघांना बोंडं खुडायला बोलावलं. वेल मांडीवर घेऊन बसायचं आणि खुडायचं. मी भराभर खुडली. कुणाचा हात चालतो ते दिसू दे म्हटलं. पण मुलगा तिच्याशी हसण्यात दंग. मग सुकवायच्या जाळ्या आणायला दोघं शेडमध्ये गेली.

बोंडांच्या आत पिवळी पूड दिसली. मला वाटलं, फवारणीचं औषध. आपण फ्लॉवर धुतो तशी मी सगळी बोंडं तिच्या किचनमध्ये मिठाच्या पाण्यात घातली आणि चांगली चोळून धुतली. स्वच्छ काम कसं असतं ते बाईला कळू दे.

मुलगा जाळ्या घेऊन आला आणि बघताच ओरडला.

"आई, काय करून ठेवलंस! सगळा वास त्या पिवळ्या पुडीत असतो. धुवायला तुला कुणी सांगितलं होतं?"

"भाजी धुवायला कुणी सांगावं लागतं का?"

"ही भाजी आहे? तिची यंदाची बिअर गेली!"

शेजारणीला मराठी येत नव्हतं, पण आवाजावरून तिला कळलं. भिजलेली बोंडं बघून तिचा चेहरा उतरला. तरी ती त्यालाच म्हणाली, "आईशी असं बोलतात? आधी सॉरी म्हण." तेवढं इंग्रजी मला कळतं.

तो लगेच वळला. "सॉरी, आई."

मी रागावले, अबोला धरला, तरी आजवर त्याने कधी माफी मागितली नव्हती. तिने एकदा सांगितलं आणि मागितली. त्यापेक्षा तो माझ्यावर ओरडत राहिला असता तर मला बरं वाटलं असतं.