खुडूक कोंबडीचं उट्टं

मी डूख धरणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. लोक म्हणतात, मोठ्या मनानं सोडून द्यावं. ज्यांना जमतं त्यांनी खुशाल सोडावं. एका कोंबडीपायी मी थोरल्या दिरांवर वर्षभर दात धरून होते, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

आमचं शेत पालीच्या अलीकडे, घर शेतातच. मी पंधरा-वीस गावरान कोंबड्या पाळते. थोरले दीर बीडला असतात, पुढाऱ्यांच्या मागेपुढे फिरतात आणि मनात आलं की माणसं घेऊन जेवायला येतात. ते माझ्याशी सरळ कधी बोलायचे नाहीत. लग्नाला तेरा वर्षं झाली तरी, मी समोर उभी असताना नवऱ्याला म्हणायचे, "सांग तिला, पाणी आन म्हनावं." त्यांचा दुसरा नियम असा की बाईनं कापलेलं खायचं नाही. त्यामुळे ते आले की सुरी त्यांच्याच हातात.

त्या आखाडात कपिलधारचा धबधबा बघून ते दोन पाहुणे घेऊन आले. मी विहिरीवर गेले होते. परत येऊन बघते तर त्यांच्या हातात माझी खुडूक कोंबडी, पाय धरून उलटी टांगलेली. ती बांबूच्या डालग्यात अकरा अंड्यांवर बसली होती. बाकीच्या पळाल्या, ही अंडी सोडून पळाली नाही म्हणून सापडली. माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत त्यांनी बोथट विळ्यानं तिची मान अर्धीच कापली आणि तिला अंगणात सोडून दिलं. कुठवर जाते ते बघायला. पाहुणे हसत होते, एक जण मोबाईलवर शूटिंग काढत होता. ती डालग्याकडे निघाली असं मी म्हणणार नाही, तशा अवस्थेत जिवाला कसली दिशा. पण फडफडत ती डालग्यापाशीच येऊन पडली.

मी ती शिजवली. जेवताना दीर नवऱ्याला म्हणाले, चामट आहे, तिला सांग, दाणे घालत जा. संध्याकाळी ते शूटिंग घरच्या ग्रुपवर आलं. खाली हसऱ्या तोंडांची रांग होती, आणि त्यात एक तोंड माझ्या नवऱ्याचंही होतं.

अंडी मी तेवढ्यात दुसऱ्या कोंबडीखाली सरकवली होती. दोनच फुटली. एक तलंग निघाली आणि एक कोंबडा.

आता माझ्या माहेराविषयी सांगते. माझं माहेर उमापूरकडचं, मेंढपाळांचं. बाप मेंढरं घेऊन महिनोन् महिने बाहेर असायचा, म्हणून घरी सुरी आईच्या हातात. मी बारा वर्षांची असताना तिनं मला शिकवलं. आदल्या संध्याकाळी कोंबडी वेगळी डालावी, दाणा देऊ नये, पाणी द्यावं. पाय धरून टांगू नये, पंख मिटवून पोटाशी धरून न्यावी. सुरी तिच्यासमोर पाजळू नये आणि दुसऱ्या कोंबड्यांच्या देखत कापू नये. डोळ्यांवर फडकं टाकावं, गळ्यावरची पिसं बोटानं बाजूला करावी, एकाच घावात काम पुरतं करावं, आणि अंगातली थरथर थांबेपर्यंत हात सोडू नये. सगळ्यात वर एक नियम: डोक्यात राग असताना सुरी धरू नये. रागात हात हलतो आणि भोगतं ते जनावर. सासरी मी यातलं काही कधी बोलले नव्हते. मेंढरामागची म्हणून मला आधीच पुष्कळ ऐकवलेलं होतं.

पुढच्या आखाडात दिरांचा निरोप आला, चार माणसं येतोय. मी नवऱ्याला म्हटलं, या वेळी मी कापणार. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. दादाला कळलं तर, म्हणाला. मी म्हटलं, कळायलाच पाहिजे. तो गुमान रानात निघून गेला.

कोंबडे तीन झाले होते आणि कोंबड्यांच्या पाठी सोलत होते, त्यातला एक काढायचाच होता. खुडूक कोंबडीच्या अंड्यातून निघालेला मी वगळला, तो त्यांच्या ताटात मला जाऊ द्यायचा नव्हता. दुसरा तांबडा निवडला. ते पोचायच्या आत, सकाळीच त्याला पोटाशी धरून गोठ्यामागे नेला, सुरी उचलली, आणि माझा हात थरथरायला लागला. भीतीनं नव्हे. डोळ्यांपुढे सारखे दीरच येत होते. मी सुरी खाली ठेवली. या कोंबड्यानं माझं काय वाकडं केलं होतं? सूड घ्यायचाच होता, पण तो सुरीनं नाही, ताटातून. त्याला मांडीवर घेऊन मी बसून राहिले. माझा श्वास संथ झाला, तोही पापण्या मिटून गप्प झाला, तेव्हा फडकं टाकलं. पंखसुद्धा आपटला नाही त्यानं.

पिसं काढली, जाळावर भाजून हळद चोळली, पित्त न फोडता कलेजी काढली. दुपारी बाजरीच्या भाकरी आणि झणझणीत रस्सा. दिरांनी तीनदा वाढून घेतलं. बोटं चाटत ते नवऱ्याला म्हणाले, "आवंदा कोंबडा लई कवळा हाय. कुनी कापला बे?"

नवरा ताटात बघत राहिला.

"कावून गप हाईस?"

मी भाकरीचं टोपलं खाली ठेवलं आणि म्हणाले, "मी कापला."

त्यांनी मान वर केली. तेरा वर्षांत पहिल्यांदा ते माझ्या तोंडाकडे बघून बोलले. "तू कापलास?"

"हां, मीच. तुमच्यावानी अर्धा न्हाई, पुरता."

चौघांतला वयस्क पाहुणा खळखळून हसला, ताट पुढे करून म्हणाला, "मंग आनखी वाढा, ताई." मी वाढलं. दीर उठले आणि लिंबाखाली जाऊन गुळण्या करत राहिले. तीन वेळा वाढून घेतलेलं गुळण्यांनी थोडंच निघतं! मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. नवरा दोन दिवस बोलला नाही. मलाही घाई नव्हती.

दीर अजून येतात, पण आमच्याकडे कोंबडी खात नाहीत. माझ्यावर विश्वास राहिला नाही, असं नवऱ्याला म्हणाले. मी पिठलं करते, तेही पातळ. त्या खुडूक कोंबडीच्या दोन पिलांतली तलंग आता मोठी झाली आहे. मागच्या खेपेला ते आले तेव्हा ती खुडूक बसली होती. मी तिच्यासकट डालगं उचलून ओसरीवर नेलं आणि त्यांच्या ताटासमोर ठेवलं.