तेहतिसावी चिठ्ठी

माझं शिक्षण मराठी चौथीपर्यंत झालं. चौथीच्या परीक्षेत मी पहिली आले आणि माझी चुलत बहीण तिसरी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. तिसरी आलेली हायस्कुलात गेली आणि पहिली आलेली चुलीपाशी बसली. माझे वडील म्हणाले, "पत्र वाचता येतं ना? मग पुरे." काका संस्थानच्या कचेरीत कारकून होते, त्यांना ते पुरेसं वाटलं नाही. दोघे सख्खे भाऊ, घरं शेजारी शेजारी, मध्ये नारळाची एक रांग. त्या रांगेच्या कुठल्या बाजूला जन्माला यायचं, एवढाच काय तो प्रश्न होता.

तेव्हा आमच्याकडे नबाबाचं राज्य होतं. गाव बंदराचं, त्यामुळे हायस्कूल होतं. बोर्लीची, दिवेआगरची मुलं शिकायला येऊन नातेवाइकांकडे राहायची. मी सांगते त्या वर्षी मॅट्रिकच्या वर्गात सोळा मुलगे होते आणि एक मुलगी. ती एक म्हणजे माझी बहीण. रोज साडेदहाला ती पुस्तकं छातीशी धरून आमच्या अंगणातून जायची. मी त्या वेळी भांडी घासत असायची. शाळेला जायला सरळ रस्ता होता, तरी ती अंगणातूनच जायची आणि जाताना म्हणायची, "येते गं." मी राख हातात धरून मान हलवायची. माझ्या पोटात दुखायचं. लोक म्हातारपणी सांगतात की लहानपणी आमचं किती प्रेम होतं. आमचं होतं, पण दुखायचंही.

परीक्षेच्या आधी माघात मॅट्रिकच्या मुलांना निरोप द्यायचा समारंभ असायचा. त्यात शेलापागोटी व्हायची. लग्नात मानकऱ्यांना शेला आणि पागोटं देतात, तसा हा थट्टेचा मान. प्रत्येकाविषयी कोणी कोणी निनावी चिठ्ठ्या लिहायच्या, पेटीत टाकायच्या, आणि मराठीच्या मास्तरांनी त्या सगळ्यांसमोर वाचायच्या. हा पुढे कोण होणार, ते बहुतेक चिठ्ठीत असायचं. अडचण एकच होती. मास्तरांना सगळ्या वर्गाचं अक्षर पाठ. वाचता वाचता ते म्हणायचे, "हा वेलांटीचा फराटा मी ओळखतो, ऊठ!" आणि लिहिणारा उघडा पडायचा.

त्या वर्षी बहिणीने डोकं चालवलं. दुपारी माजघरात माझ्यापाशी येऊन बसली आणि पदराखालून सगळ्या वर्गाने लिहिलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला.

"अगं, तुझं अक्षर शाळेत कोणालाच माहीत नाही. तू एवढ्या उतरवून दे. मास्तर बसतील डोकं खाजवत."

"मला काय मिळेल?"

"समारंभाला ये. पोहे आणि केळं मिळेल."

"ते काय, घरी मिळत नाही?"

"मग नको देऊस," ती म्हणाली आणि उठायला लागली. मी गठ्ठा ओढून घेतला. मला त्या चिठ्ठ्या वाचायच्या होत्या. हायस्कुलात ही माणसं दिवसभर काय करतात, ते मला सात वर्षं कळलं नव्हतं.

बत्तीस चिठ्ठ्या होत्या. मी दोन दुपारी टाकाने उतरवल्या. माझं अक्षर वळणदार, चौथीत त्याचं बक्षीस मिळालं होतं. आई मध्येच डोकावली.

"काय गो, कोणाला पत्रं लिहितेस एवढी?"

"हायस्कुलाचं काम आहे."

"तुझं काय काम हायस्कुलात?" आई म्हणाली आणि तांदूळ निवडायला गेली. तिने वाईट मनाने विचारलं नव्हतं, पण माझ्या हातून शाईचा डाग पडला.

चिठ्ठ्या बऱ्या होत्या. दिवेआगरचा एक मुलगा वर्गात सारखा झोपायचा. त्याच्याविषयी लिहिलं होतं: 'हा दीपगृहावर नोकरीला लागेल आणि सगळ्या बोटी खडकावर चढतील.' दुसरा शेजाऱ्याचं बघून लिहायचा. 'हा मामलेदार होईल, पण सही शेजारच्याची बघून करील.' बोर्लीच्या मुसलमान व्यापाऱ्याचा मुलगा फार बोलका होता, त्याचे मामा आफ्रिकेत होते. 'हा आफ्रिकेत दुकान काढील. बोलण्यात गिऱ्हाईक असं रंगेल की संध्याकाळी दुकानातून काही न घेता घरी जाईल.' दोन-तीन ठिकाणी मी वाक्यं सुधारली. आफ्रिकेच्या चिठ्ठीत शेवटी 'आणि उद्या परत येईल' हे माझं. कोणाला सांगितलं नाही.

मग बहिणीची चिठ्ठी आली. 'ह्या बाई मुख्याध्यापिका होतील आणि आमच्याच पोरांना छड्या मारतील.' मी ती तीनदा वाचली. एकाला दीपगृह, एकाला दुकान, एकाला मामलेदारी आणि हिला शाळा. सतरा जणांना थट्टेत का होईना, काहीतरी होता येत होतं. माझ्याविषयी कोण लिहिणार आणि काय लिहिणार?

आता तिचं गुपित. तिला दिवेआगरचं स्थळ आलं होतं. सुपारीची मोठी वाडी, एकुलता एक मुलगा, वाडीचं काम बघायचा. मुलाच्या वडिलांनी परीक्षेपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं आणि वैशाखात लग्न करून देतो असा काकांनी शब्द दिला होता. त्या शब्दावरच तर तिला मॅट्रिकला बसायला मिळत होतं. तिने मान डोलावली होती. पण मला विहिरीवर म्हणाली होती, "परीक्षा झाली की मी पुण्याला मामाकडे जाणार. कॉलेजात. लग्नाला नाही म्हणून सांगणार."

"काकांना माहीत आहे?"

"वेडी की काय? आत्ता कळलं तर परीक्षेलाच बसू द्यायचे नाहीत. चार दिवसांत बोहल्यावर उभी करतील. तू बोलू नकोस हं."

मी बोलले नाही. लिहिलं. तेहतिसावी चिठ्ठी मी माझ्या मनाने लिहिली: 'ह्या बाई आधी मॅट्रिक होतील, मग पुण्याला बी. ए. होतील, मग एम. ए. होतील. नवरदेव तोवर मांडवात बसून राहील आणि अंतरपाट दूर होईल तेव्हा दोघांचेही केस पांढरे दिसतील.' आणि ती गठ्ठ्याच्या मध्ये सरकवली. मला काय हवं होतं, ते मला पक्कं ठाऊक होतं. तिने परीक्षेला जाऊ नये. परीक्षा मुंबईला असायची, त्या आगबोटीत चढू नये. माझ्यासारखं घरात बसावं. बहिणीने गठ्ठा मोजलासुद्धा नाही. "काय सुंदर अक्षर गं तुझं," म्हणाली आणि घेऊन गेली.

समारंभ शाळेच्या पटांगणात झाला. पुरुष पुढे बाकांवर, आम्ही बायका पडवीत सतरंजीवर. काका पहिल्या रांगेत होते आणि त्यांच्या शेजारी दिवेआगरचे ते गृहस्थ, मुलाचे वडील. झोपाळू मुलगा त्यांचा पुतण्या, म्हणून आले होते. ते येणार हे मला आदल्या दिवशीच कळलं होतं. मास्तरांनी चिठ्ठ्या आधी चाळून वाह्यात होत्या त्या फाडल्या होत्या. माझी त्यांना सभ्य वाटली असावी.

दीपगृहाच्या चिठ्ठीला दिवेआगरकर पोट धरून हसले. "खरं आहे! घरीसुद्धा हा असाच!" म्हणाले. मास्तर दर चिठ्ठी डोळ्यांपासून लांब धरून बघत होते. "अक्षर उत्तम आहे, पण माझ्या वर्गात एवढं उत्तम अक्षर कोणाचंच नाही," असं म्हणाले तेव्हा सगळी मुलं ओरडली आणि मी सतरंजीचा दोरा ओढत बसले. ते ऐकून बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू? आफ्रिकेच्या चिठ्ठीवर 'उद्या परत येईल' ह्या शब्दांना सगळ्यांत मोठा हशा आला. बोर्लीच्या त्या मुलाने उभं राहून सलाम केला. "ज्याने लिहिलं त्याला माझ्या दुकानात नोकरी!" मागून एक पोरगा ओरडला, "मी लिहिलं, मी!" मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

मग माझी चिठ्ठी आली. मास्तरांनी ती रंगवून वाचली, पांढऱ्या केसांपाशी थांबून चष्म्यावरून बहिणीकडे पाहिलं. पटांगण हसलं. बहीण हसली नाही. तिने मान वळवली, पडवीत मला शोधलं आणि माझ्याकडे बघत राहिली. दिवेआगरचे गृहस्थही हसले, पण हसून झाल्यावर काकांच्या कानाशी वाकले. काकांनी नकारार्थी मान हलवली. ते पुन्हा वाकले. काकांनी ह्या वेळी मान हलवली नाही.

संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी ती आमच्या मागल्या दारी आली.

"तू लिहिलीस."

"हो."

"का?"

"तू जाऊ नयेस म्हणून."

तिने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ती तिथेच पायरीवर बसली आणि म्हणाली, "आता बाबा काय करतील देव जाणे." रडली नाही. मीही नाही. तिच्या घरातून काकांचा आवाज येत होता, पण शब्द लागत नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी दिवेआगरहून माणूस निरोप घेऊन आला. निरोप असा: परीक्षेची वाट आम्ही बघितली असती, पांढऱ्या केसांची बघणार नाही. मुलीला डोक्यावर चढवून ठेवलंय, तिला तुमच्याकडेच ठेवा. मला वाटलं, झालं, आता काका तिची पुस्तकं चुलीत घालतील. पण काका कारकून असले तरी त्यांचा ताठा मामलेदाराचा होता. अंगणात उभं राहून, आम्हाला आणि निरोप्याला ऐकू जाईल असं ओरडले, "डोक्यावर चढवली म्हणतात? आता चढवूनच दाखवतो! मॅट्रिक होईल, पुण्याला जाईल, बघू काय करतात!"

असं झालं. तिला जे मागायची हिंमत नव्हती, ते माझ्या चिठ्ठीने मिळवून दिलं. ती नारळांच्या रांगेतून धावत आली, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "तुझ्यामुळे गं!" असे उपकार मानलेले मला आयुष्यात दुसऱ्यांदा सहन करावे लागले नाहीत, हे एक बरं.

आठवड्याभरात दिवेआगरकरांनी पुन्हा निरोप धाडला, पण माझ्या वडिलांना. वैशाखातल्या लग्नाची त्यांची तयारी झाली होती, मांडवाला बांबूसुद्धा तोडले होते. काकांच्या भावाचीही मुलगी आहे, घरात वाढलेली, जास्त न शिकलेली, असं त्यांना कोणी सांगितलं होतं. बघायला आले. मी पोहे दिले आणि भिंतीशी उभी राहिले. नारळांपलीकडून बहिणीचा बीजगणित पाठ करायचा आवाज येत होता.

"किती शिकलीस?" त्यांनी विचारलं.

"चौथी."

"पुढे शिकायची इच्छा आहे?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. आईने पाहिलं.

"नाही," मी म्हणाले.

त्यांचा जीव भांड्यात पडला. सुपारी फुटली. रात्री आईने विचारलंसुद्धा नाही की खरं बोललीस का.

माझं लग्न झालं तेव्हा बहीण मुंबईहून परीक्षा देऊन आली होती. मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा मी दिवेआगरला सुपाऱ्या सोलत होते. तिचं पत्र आलं. पास झाली होती, चांगल्या मार्कांनी, जूनमध्ये पुण्याला निघणार होती. सासरे ओटीवर होते. त्यांनी विचारलं, "काय लिहिलंय बहिणीने?"

"खुशाल आहेत सगळी," मी म्हणाले आणि पत्र फडताळात ठेवलं.

चार दिवसांनी त्यांचा झोपाळू पुतण्या घरी आला. तो नापास झाला होता आणि कोण कोण पास झालं ते त्याच्याकडून घरात कळलं. सासरे मला हाक मारून म्हणाले, "तुझी बहीण पास झाली म्हणे. पत्रात लिहिलं नव्हतं?"

"लिहिलं होतं."

"मग सांगितलं नाहीस ते?"

"तुमच्या घरात तिचं कौतुक मला ऐकायचं नव्हतं."

असं बोलणारी सून त्यांनी मागितली नव्हती. ते अडकित्ता उचलून सुपारी कातरायला लागले, आणि मी सोललेल्या सुपाऱ्यांचं सूप उचलून आत गेले.