नाकानोसानचे पर्सिमन

फळांच्या धंद्यात काहीच टिकत नाही, किस्से तेवढे टिकतात. बरीच वर्षं मी कुवेतमध्ये, शुवैखच्या एका फळं आयात करणाऱ्या कंपनीत परचेस सांभाळते. परवा अबू हलीफातल्या आमच्या घरी मंडळी जेवायला आली होती. कुणीतरी विचारलं, "तुमचे ते जपानी पर्सिमन यंदा दिसले नाहीत?" मी सांगायला बसले ती कुकरच्या शिट्ट्यांचंही भान राहिलं नाही. नवरा म्हणाला, "हे एकदाचं लिहून काढ. पाहुण्यांना गरम जेवण तरी मिळेल." म्हणून हा खटाटोप.

पर्सिमन दिसायला पिवळट-केशरी टोमॅटो, चवीला चिकूच्या जवळपास. ते आम्हाला यायचं जपानमधल्या डोंगरउतारावरच्या एका बागेतून. बाग नाकानो नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याची; 'सान' म्हणजे आपलं 'राव'. मध्ये दुभाष्या आणि दलाल म्हणून मोरी, तिथल्या शेतकरी सहकारी संस्थेचा निर्यात अधिकारी. आमच्या बाजूला मालक बू फहद, वडिलांबरोबर मुंबईच्या वाऱ्या केलेले जुने कुवेती व्यापारी, हिंदी फर्डी, मुंबईच्या बाजारातली. आणि कोल्ड स्टोरेजला इक्बालभाई, रत्नागिरीकडचे. गावी त्यांची हापूसची बाग. जगातलं प्रत्येक फळ म्हणजे थोडं बिघडलेला हापूसच, हे त्यांचं ठाम मत.

*

मोरी पहिल्यांदा सॅम्पल घेऊन आला तो दिवस आठवतो. लाकडी पेटी, आत मऊ कागद, प्रत्येक फळाला जाळीचं जाकीट. इक्बालभाईंनी सवयीने एक उचललं आणि देठाजवळ अंगठ्याने दाबलं. मोरीचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्याच्या तान्ह्या बाळाचा गाल ओढला.

मग त्याने सांगितलं, सरकार आता निर्यात करा म्हणून मागे लागलंय, देशातला खप वर्षागणिक घटतोय. बू फहदना काही हे पटेना. "इतना अच्छा है, तो तुम लोग खुद क्यों नहीं खाता?"

मी ते इंग्रजीत सांगितलं. मोरी शांतपणे म्हणाला, "खाणारे म्हातारे झालेत, सर. आणि पिकवणारे त्यांच्याहून म्हातारे."

बू फहदनी त्याच बैठकीत ऑर्डर दिली. ते हिशेबापेक्षा उत्तरावर धंदा करणारे गृहस्थ.

*

पहिला माल आला. फळं कडक, सफरचंदासारखी. ही जात कडकच खायची असते, हे मोरीने ईमेलमध्ये लिहिलं होतं, पण इक्बालभाई ईमेल वाचत नाहीत, फळ वाचतात.

"ताई, माल कच्चा हाय. ह्याला आढीत घालायला हवा."

आता कुवेतमध्ये भाताचा पेंढा कुठून आणायचा? त्यांनी जुनी खोकी फाडून, गोणपाट अंथरून, निम्मा माल झाकून ठेवला. मी रजेवर होते. परत आले तेव्हा गोदामात लग्नघरासारखा गोड वास, आणि फळं अशी मऊ की हातात घेतली तर बोटांतून निसटतील. नेमकं त्याच आठवड्यात मोरी नाकानोसानना घेऊन कुवेतला आला. आपली फळं वाळवंटात कोण खातं, ते त्यांना एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

आम्ही दुसऱ्या दाराने न्यायचं ठरवलं होतं, पण म्हातारा वासावर थेट आढीपाशी पोचला. गोणपाट उचललं. मोरीने डोळे मिटून घेतले. मीही मिटले.

नाकानोसाननी चमचा मागितला. तिथेच खोक्यावर बसून अख्खं फळ खाल्लं, साल तेवढी उरली. मोरीने भाषांतर केलं, "ते म्हणतायत, त्यांची आई असंच खायची. बाजाराला कडक लागतं म्हणून सगळे कडक पाठवतात. असं त्यांनी कित्येक वर्षांत खाल्लं नव्हतं."

इक्बालभाई माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा. शहाणी माणसं सगळीकडं असतात."

त्यानंतर निम्मा माल कायम आढीत जायचा. हवल्लीतल्या दुकानात म्हाताऱ्या कुवेती बायका ड्रायव्हरला बजावून पाठवायच्या, "चमच्याने खायचं ते आण."

*

लाकडी पेट्यांचा किस्सा बू फहदच्या समोर सांगायचा नाही, पण ते काही हे वाचणार नाहीत. ईदला त्यांनी उत्तमातली उत्तम पेटी एका मोठ्या माणसाच्या दिवाणियात पाठवली. दिवाणिया म्हणजे कुवेती पुरुषांची गप्पांची बैठक. त्या गृहस्थाला पेटी इतकी आवडली की उघडायचा धीर होईना, त्याने ती पुढे दुसऱ्याला भेट दिली. त्याने तिसऱ्याला. काही आठवड्यांनी एका लग्नाच्या निमित्ताने तीच पेटी, तीच रेशमी फीत, बू फहदच्या टेबलावर येऊन बसली. वास आधी आला, पेटी मागून.

मोरीला वाटलं आता हे कंत्राट मोडणार. त्याने फोनवर नाकानोसानना सांगितलं, तर ते म्हणाले, "त्यात काय? मीही पेटीतलं फळ कधी खाल्लेलं नाही. आम्ही डागीच खातो."

इक्बालभाईंनी हे ऐकून हातातलं खोकं खाली ठेवलं. मग म्हणाले, "आमच्यात पण तसंच. पेटी मुंबईला, डागी घरात. डागी हापूससारखी चव परत कधी लागली नाय, ताई." त्या दिवशी त्यांची आणि नाकानोसानची खरी दोस्ती झाली, असं मला वाटतं. दोघांना एकमेकांची भाषा ओ की ठो कळत नव्हती.

*

मोरीने एका वर्षी तांदूळही आणला. त्यांच्याकडे वर्षानुवर्षं शेतकऱ्याला सांगत आले, भात कमी लावा. मग सांगायला लागले, बाहेर विका. बाहेरच्या तांदळावर मात्र भलामोठा कर, की तो आत येऊच नये. मोरीने एका हॉटेलात स्टॉल लावला, चिकट भाताचे गोळे करून वाटले. बासमती खाणारे कुवेती आदराने एकेक घास घेत आणि आदरानेच रुमालात गुंडाळत. आमच्या पदरी जपानी तांदळाच्या थप्प्या पडल्या. इक्बालभाईंच्या बायकोने त्याची खीर करून बघितली, तेवढाच काय तो खप.

पुढच्या खेपेला मोरी आला तो तांदळाचं नावच काढेना. जायच्या आदल्या दिवशी माझ्या टेबलापाशी घुटमळला. "ते तांदूळ... अजून आहेत का?"

जपानमध्ये तांदळाची टंचाई झाली होती. भाव चढलेले, दुकानात माणशी एक पिशवी. त्याच्या आईने बजावलं होतं, मिळाला तर घेऊन ये. आम्ही दोन पिशव्या भेट दिल्या. पण जपानचा तांदूळ जपानात न्यायला क्वारंटाइनचे कागद लागतात! मी ते कागद करून दिले. 'मालाचं स्वरूप' या रकान्यात मी लिहिलं, परतीचा प्रवासी.

मोरी ते वाचून हसला नाही. त्याने वाकून नमस्कार केला.

*

नाकानोसान दर हंगामाच्या शेवटी कळवायचे, "हे शेवटचं वर्ष." मुलगा ओसाकाला कंपनीत, बागेत येणार नाही हे ठरलेलं. इकडे इक्बालभाईही दर वर्षी म्हणायचे, "कुवेतचं हे शेवटचं. आता गावाला जाऊन बागेत बसणार." त्यांची मुलगी इथेच वाढलेली, ती इंग्रजीत म्हणायची, "बाबा, यू सेड दॅट लास्ट इयर." दोघा म्हाताऱ्यांचा मोरीतर्फे करार झाला होता, की जो आधी थांबेल त्याने दुसऱ्याला आधी सांगायचं. आम्ही हसायचो. कुणी थांबणार नाही अशी आमची खात्री होती.

*

मागच्या हिवाळ्यात मोरीचा मेसेज आला की नाकानोसान खरंच थांबतायत. बायकोचे गुडघे गेले, शिडी धरायला कुणी नाही. आणि नुसते थांबत नाहीयेत, झाडंही तोडणार आहेत. तिकडची रीतच तशी. बाग सोडायची तर झाडं तोडून सोडायची, नाहीतर बेवारस झाडांवरची कीड शेजाऱ्याच्या बागेत जाते. सोमवारपासून ते स्वतःच करवत घेऊन लागणार होते.

आम्ही बू फहदच्या केबिनमध्ये जमलो आणि व्हिडिओ कॉल लावला. नाकानोसान बागेतच उभे होते, शेजारी मोरी. झाडांची पानं गळलेली, शेंड्यावर चार फळं पक्ष्यांसाठी ठेवलेली. त्यांनी फोन फिरवून सगळं दाखवलं. ही झाडं वडिलांनी लावलेली, ती मी. बागेभोवती विजेची तार होती.

"माकडांसाठी," मोरी म्हणाला. "आयुष्यभर त्यांच्याशी लढण्यात गेलं म्हणतात."

बू फहद पुढे झुकले. "इसको बोलो काटना नहीं. मैं खरीदता है. पूरा बाग."

मोरी म्हणाला, "सर, आमच्याकडे शेतजमीन जो स्वतः कसेल त्यालाच घेता येते."

तुमच्यातला कोण जाऊन कसेल, अशा नजरेने बू फहदनी आमच्याकडे एकेक करून बघितलं. कुणीच वर बघेना. मला फार वाईट वाटलं, पण मीही टेबलाकडेच बघत होते.

नाकानोसाननी इक्बालभाईंना विचारलं, "तुमची बाग कोण बघतं?"

"नेपाळचा माणूस हाय. बहादूर. घरच्यासारखा हाय."

"मग त्याचं शेत कोण बघतं?"

हे इक्बालभाईंनी त्याला कधी विचारलंच नव्हतं. इतकी वर्षं बहादूर त्यांच्या बागेत राहतोय, त्यांच्या विहिरीचं पाणी पितोय. त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मागे फवारणीच्या पंपाचा आवाज येत होता.

"बहादूर, तेरे गाँव का खेत कौन देखता है?"

"मेरा?" त्याने पंप बंद केला. "कौन देखेगा, सेठ. घर का सब बाहर है. अभी तो बंदर लोग देखता है."

मी ते मोरीला इंग्रजीत सांगितलं, मोरीने जपानीत.  नाकानोसान डोंगराकडे वळले. मग हळूहळू काहीतरी बोलले.

मोरी म्हणाला, "ते म्हणतायत, वरचा शेजारी गेला, खालचाही गेला. कीड जाणार तरी कुणाकडे? सोमवारी करवत काढत नाही."

नाकानोसान आणखी एक वाक्य बोलले आणि कॅमेऱ्याबाहेर गेले. फोन आता मोरीच्या हातात होता.

"ते म्हणाले, तारेतला करंट तेवढा आज बंद करतो."