आईच्या पातेल्यातलं सार

"तुमच्या रक्तात शिसं आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या, "आणि थोडंथोडकं नाही."

मी विचारलं, "म्हणजे पेन्सिलीत असतं ते?" त्या हसल्या नाहीत. पेन्सिलीत शिसं नसतंच, तो वेगळा पदार्थ. हे खरं शिसं होतं, बॅटरीत असतं ते. ते माझ्या अंगात कुठून आलं, हे तोवर त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मी सोलापुरात एका ज्युनियर कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे. दिवाळीनंतर माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. बेंबीभोवती पिळा घातल्यासारखं व्हायचं. पोट साफ व्हायचं नाही, तोंडाला सतत धातूची चव, आणि चार पायऱ्या चढले की दम. ओवा झाला, इसबगोल झालं, ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या. मिस्टर म्हणाले, "ऑफिसातली भजी बंद कर की आधी." भजी बंद केली. कळा चालूच राहिल्या.

सोनोग्राफी नॉर्मल. मग एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून नळी घालून जठर बघतात, तीही नॉर्मल. तुमच्यापैकी कुणी असे नॉर्मल रिपोर्ट हातात घेऊन बसलं असेल तर त्यांना कळेल. चांगलं वाटायच्या ऐवजी रडू येतं. नणंद म्हणाली, आई गेल्याचं मनावर घेतलंयस तू. मला ते निम्मं पटलंही होतं.

माझी आई बार्शीची. ती गेल्यावर भावानं विचारलं, तुला आठवण म्हणून काय नेऊ वाटतं? मी पितळेचं पातेलं मागितलं. त्यात ती चिंचेचं सार करायची. सार मलाही येतं, पण माझं कधी तसं झालंच नाही. स्टीलमध्ये करून बघितलं, हिंडालियममध्ये करून बघितलं. तीच चिंच, तोच गूळ, तेच जिरं. कुठंतरी काहीतरी कमी. वाटलं, पातेल्याचाच गुण असणार.

पातेल्याची कल्हई मात्र गेली होती. कल्हई म्हणजे पितळेला आतून कथलाचा पांढरा मुलामा. तो नसला तर आंबट पदार्थ कळकतो. आईचा ठरलेला कल्हईवाला होता, तो कधीच वारला. सोलापुरात मी जिथं तिथं विचारलं. आणि दिवाळीच्या दोन महिने आधी एक दिवस दुपारी आमच्या कॉलनीत सायकलवर एकजण ओरडत आला, "कल्हईऽय." मी अनवाणी पळाले खाली.

त्यानं भाता मांडला, पातेलं तापवलं, नवसागर टाकला. पांढरा धूर झाला. तो वास नाकात गेला आणि मी बार्शीच्या अंगणात जाऊन उभी राहिले. मग त्यानं कथलाच्या पट्टीचं टोक आत घासलं आणि कापसाच्या बोळ्यानं फिरवलं. पातेलं आतून चकचकीत झालं. "आता दोन वर्षं बघायला नको, ताई," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी सार केलं. पहिला घोट घेतला आणि ओट्याशी उभी राहूनच रडले. आईचं सार होतं ते, हुबेहूब.

मग काय, रोज सार. मुरलं की जास्त चांगलं लागतं म्हणून रात्रभर त्याच पातेल्यात ठेवायचं, सकाळी डब्यात न्यायचं, उरलेलं संध्याकाळी प्यायचं. मिस्टरांना आंबटाचा त्रास, ते घ्यायचे नाहीत. मुलगी तनू दुसरीत आहे, ती वाटी ढकलायची. "मला नको, आंबट हाय." मला लई राग यायचा. आजीची आठवण म्हणून तरी खा, असं म्हणून दोन चमचे भरवायचेच.

पुढं हिमोग्लोबिन फार खाली गेलं तेव्हा डॉक्टरबाईंनी पेरिफेरल स्मिअर करायला सांगितलं. यात रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. माझ्या तांबड्या पेशींवर निळे ठिपके दिसले. त्यावरून त्यांना संशय आला आणि ब्लड लेड लेव्हल, म्हणजे रक्तातलं शिसं मोजायची तपासणी, बाहेरगावी पाठवली. ती आल्यावर त्यांनी विचारलं, घरात कुणी बॅटरीच्या कामात आहे? रंगकाम? कुठलं भस्म वगैरे घेता? नाही, नाही, नाही. मग म्हणाल्या, "स्वयंपाक कशात करता?"

मी कौतुकानं पातेल्याचं सांगायला लागले. सांगता सांगता त्यांचा चेहरा बघितला आणि थांबले.

कथील महाग. शिसं स्वस्त, मऊ, जड आणि थोड्या आचेवर वितळणारं, म्हणून ते कथलात मिसळलं जातं. दिसायला दोन्ही सारखंच, आपल्याला घरी ओळखता येत नाही. त्या कल्हईवाल्याला तरी पट्टीत काय आहे ते ठाऊक होतं का, देव जाणे. चिंचेसारखं आंबट त्यात राहिलं की शिसं अन्नात उतरतं. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडात साठवतं आणि ते तिथं वर्षानुवर्षं राहतं. पातेलं खरवडून तपासलं तेव्हा तेच निघालं.

"मुलीनं खाल्लंय?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "लहान मुलांच्या मेंदूला हे जास्त बाधतं. वाढ, अभ्यास, सगळ्यावर परिणाम होतो. तिचंही रक्त घेऊ."

मला दवाखान्यात ठेवून कीलेशन थेरपी सुरू झाली. सलाईनमधून असं औषध देतात की ते रक्तातल्या शिशाला धरून लघवीवाटे बाहेर काढतं. माझं काय व्हायचं ते होवो, माझं सगळं लक्ष तनूच्या रिपोर्टकडं होतं. शेजारच्या खाटेवरच्या बाईची आई तिचे केस विंचरत बसायची. मी तोंड फिरवून घ्यायचे. मला आई हवी होती. पस्तिशी उलटलेली बाई मी, पण तेव्हा दुसरं कुणी नको होतं. आणि आईची आठवण म्हणून जे घरात आणलं, त्यानंच पोरीला काही केलं असेल का, हा विचार डोक्यातून जात नव्हता.

तनूचा रिपोर्ट आला. शिसं होतं, पण थोडं. औषधाची गरज नाही, पातेलं बंद, खाण्यात लोह आणि कॅल्शियम वाढवा, पुन्हा तपासू. पोरगी हट्टी म्हणून वाचली. ज्या हट्टावर मी चिडायचे, त्याचे मी आता पाय धरीन.

घरी जायच्या दिवशी डॉक्टरबाई बोलता बोलता म्हणाल्या, शिशाचे काही क्षार चवीला गोडसर असतात. मी म्हटलं, मग माझं सार आईसारखं लागलं ते त्यामुळं? आणि आईचं? त्या म्हणाल्या, "इतकं थोडं जिभेला कळतं असं मी म्हणणार नाही. आणि तुमच्या आईंच्या पातेल्याचं आता कोण सांगणार?" आईच्याही पोटात अधूनमधून दुखायचं. तसं बार्शीत निम्म्या बायकांच्या दुखायचं.

तुमच्याकडं अशी भांडी असतील तर एवढंच सांगते: कल्हईची खात्री नसेल तर त्यात शिजवू नका, आंबट तर ठेवूच नका. पोट दुखतंय आणि सगळं नॉर्मल येतंय, असं असेल तर घरात कशात काय शिजतं हे डॉक्टरांना आपण होऊन सांगा. मला बारकाईनं विचारणारी बाई भेटली, तिचे उपकार मी विसरणार नाही.

पातेलं माळ्यावर पालथं आहे. त्यात काही शिजत नाही, टाकवतही नाही.

परवा स्टीलच्या भांड्यात सार केलं. तनू येऊन बसली, स्वतःहून बोट बुडवून चाटलं.

"आजीचं असंच होतं?"

"नाही."

"मग कसं होतं?"

मी तोंड उघडलं, पण ती चव काही सांगता येईना. आता माझाच त्या चवीवर भरवसा राहिला नाही. म्हणून मग आजी सांगितली. चिंच कोळताना बांगड्या कोपरापर्यंत सारायची ते, फोडणीला ठसका लागला की स्वतःच हसायची ते, मी शाळेतून यायच्या आत सार तयार हवं म्हणून घड्याळाकडं बघत राहायची ते. तनू ऐकत राहिली. सार गार झालं. मी ते पुन्हा गरम केलं आणि दोघींना वाढलं.