‘नौबतगढ’ बघणाऱ्या दोघी

सरूबाई पुंडलिकनगरात दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहतात. वय चौसष्ट. एका शाळेत पस्तीस वर्षं त्या प्रयोगशाळा परिचर होत्या. परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, पोरांनी ॲसिड सांडलं की सोडा टाकायचा. लग्न गावी, कन्नडला असतानाच झालं आणि दीड वर्षात मोडलं. त्यानंतर त्या शहरात आल्या त्या कायमच्या. कुणाकडं काही मागायचं नाही, हा स्वभाव तेव्हाच पडला असावा.

त्यांना एक वेड होतं, ‘नौबतगढ’ नावाच्या हिंदी पिक्चरचं. सतराव्या वर्षी कन्नडच्या तंबू-थिएटरात त्यांनी तो पहिल्यांदा बघितला. किल्ला, खजिना, घोडे, तलवारी, आणि या सगळ्यांत एक नावाड्याची पोर. किल्ल्याची किल्ली चोरून ती निघते आणि दरीवरचा पूल तुटलेला असतो. मागं सरदार येऊन उभा राहतो, म्हणतो, “पुल टूट चुका है. अब कहाँ जाओगी?” ती मागं वळूनही बघत नाही. “जहाँ पुल नहीं होते, वहाँ भी लोग रहते हैं,” म्हणते आणि घोडा दरीत घालते. तंबूतल्या बायका त्या जागी किंचाळल्या होत्या. सरूबाई किंचाळल्या नाहीत. त्यांना वाटलं, हे आपल्यालाच सांगितलं.

शाळेच्या ग्रंथालयात दीपमाला लागली तेव्हा या वेडाला जोड मिळाली. तेव्हा जुने पिक्चर परत लागायचे. दिवाळीच्या सुट्टीत ‘नौबतगढ’ लागला, की दोघी बाराच्या खेळाला जायच्या. थिएटरं बंद पडली तेव्हा सरूबाईंनी सीडी मिळवली आणि घरच्या टीव्हीवर खेळ चालू ठेवला. पुलाचा प्रसंग आला की सरूबाई सरदाराचं वाक्य म्हणायच्या आणि दीपमाला नावाड्याच्या पोरीचं. सव्वीस वर्षांत एक दिवाळी चुकली नाही. मग दीपमाला रिटायर झाली आणि मुलाकडं, सार्थककडं, वैजापूरला राहायला गेली. याला सहा वर्षं झाली. सुरुवातीला आठवड्याला फोन व्हायचा, मग महिन्याला, मग संक्रांतीला.

सरूबाईंच्या वरच्या खोलीत अपेक्षा नावाची मुलगी भाड्यानं राहते, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती आणि तिचे मित्र महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी क्लासच्या हॉलमध्ये पिक्चर दाखवतात आणि नंतर त्यावर बोलत बसतात. परवाच्या मार्चमध्ये ती जिन्यावरूनच म्हणाली, “काकू, या वेळी तुमचा ‘नौबतगढ’ लावतोय. विषय आहे, ‘नौबतगढ’ला कल्ट म्हणायचं का?”

“कल्ट म्हणजी काय गं?”

अपेक्षा पायरीवर बसली. “म्हणजे बघा, पिक्चर आला तेव्हा चालला नाही, पण थोड्याच लोकांनी तो डोक्यात घेतला. परत परत बघितला. त्यातली वाक्यं एकमेकांना म्हणायची, ठरलेल्या दिवशी जमायचं. टोळीच असते त्यांची.”

“आमची व्हती की,” सरूबाई म्हणाल्या. “दोघींची.”

“मग दोघी या ना!”

सरूबाईंनी त्याच दुपारी फोन लावला. दीपमालानं उचलला. गुडघ्यांचं, सुनेचं, उन्हाचं बोलून झालं. मग सरूबाईंनी रविवारचं सांगितलं. “सकाळी अकराला हाय. तू आदल्या दिवशीच ये. पोरांना दाखवू आपलं पुलावरचं.”



“सरू, एक सांगू का? राग नको धरू.”

“सांग.”

“मला तो पिक्चर कधी आवडलाच नाही गं. त्या तलवारींच्या खणखणाटानं माझं डोकं दुखायचं. गोळी घेऊन यायचे मी.”

“काहीतरी बोलू नको. तुला सगळा पाठ हाय.”

“पाठ व्हायचाच की. ग्रंथालयातली निम्मी पुस्तकं मला नावानिशी पाठ होती. वाचली थोडीच?”

“मग सव्वीस वर्षं कशाला आलीस?”

“तू वर्षभर कुणाला काही मागायची नाहीस. चहासुद्धा नाही. ते एवढंच मागायचीस. कसं नाही म्हणू?”

सरूबाईंनी फोन ठेवला. राग आला म्हणावं तर राग कुणाचा, हे त्यांना समजेना. पुढचे चार-पाच दिवस त्या कामं उरकताना मधेच थांबायच्या. थिएटरच्या अंधारात शेजारी बसलेली दीपमाला त्यांना आठवायची. ती पुष्कळदा पडद्याकडं न बघता आपल्याकडं बघत असायची. आपल्याला वाटायचं, तिला आपला आनंद वाटून घ्यायचाय. म्हणजे त्या खुर्च्यांवर आपण एकट्याच होतो तर. मागच्या सहा वर्षांचं एकटेपण त्यांना सवयीचं झालं होतं. आता त्याच्या मागची सव्वीस वर्षंही त्यात जाऊन मिळाली.

रविवारी त्या गेल्या. तीसेक पोरंपोरी, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर पांढरा पडदा. पिक्चर सुरू झाला आणि पोरं हसायला लागली. गडगडणारा दगड पुठ्ठ्याचा होता, हे सरूबाईंना त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. पुलाचा प्रसंग आला. सरदार बोलला. सरूबाईंच्या ओठावर आलेलं वाक्य ओठावरच राहिलं. आपण हा पिक्चर दीपमाला सोबत असल्याशिवाय कितीतरी वर्षांत बघितलाच नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं.

नंतर चर्चा झाली. सत्यम नावाचा चष्मेवाला मुलगा तावातावानं म्हणाला, “अरे, हा पिक्चर पंचवीस आठवडे चालला. घराघरात माहीत आहे. ज्याला सगळ्यांनीच डोक्यावर घेतलं, तो कल्ट कसा? तो लोकप्रिय!”

“पण वेडानं बघणारे होतेच ना?” अपेक्षा म्हणाली. “आमच्या काकूंनाच विचारा.”

सगळे वळले. सरूबाई उभ्या राहिल्या. शाळेत असताना त्या कधी वर्गासमोर बोलल्या नव्हत्या.

“सगळ्यांचा आवडता म्हणता तुमी,” त्या सत्यमला म्हणाल्या. “खरं हाय. ज्याला विचारावं त्यो म्हणतो, व्हय व्हय, लई भारी पिक्चर. पण चल बघू म्हणलं, तर कुणी येत नाय. आज हितं कितीजणांनी पहिल्यांदा शेवटपर्यंत बघितला?”

जवळजवळ सगळे हात वर गेले. सत्यमचाही गेला आणि तो ओशाळून हसला.

“काकू, तुमची टोळी केवढी होती?” मागून कुणीतरी विचारलं.

“एक,” सरूबाई म्हणाल्या.

हात वर करून मतं घेतली. ‘कल्ट नाही’ या बाजूला सरूबाईंचाही हात होता. अपेक्षाला आश्चर्य वाटलं. घरी आल्यावर जिना चढताना तिनं विचारलं, “असं का हो काकू?”

“तूच म्हणलीस, टोळी लागती. माझ्यासंगं येणारीला पिक्चर आवडत नव्हता. ती माझ्यासाठी यायची.” आणि त्या कुलूप काढून आत गेल्या.

पंधरा दिवस फोन झाला नाही. मग सरूबाईंनीच केला आणि नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, “दीपा, तुला काय आवडतं?”

“म्हणजे?”

“तुला. इतक्या वर्षांत मी इचारलंच नाय.”

दीपमाला हसली. “कसोटी क्रिकेट.”

“काय?”

“ग्रंथालयात माझ्या ड्रॉवरमध्ये रेडिओ असायचा ना? तुला वाटायचं, गाणी ऐकती.”

पुढची कसोटी लागली तेव्हा सरूबाई सकाळच्या एसटीनं वैजापूरला गेल्या. सार्थक कामावर, सून माहेरी. दोघी टीव्हीसमोर बसल्या. पांढऱ्या कपड्यातली माणसं ये-जा करत होती. दीपमाला पुढं सरकून, हनुवटीला हात लावून बघत होती आणि मधेच “अरे अरे” करत होती. सरूबाईंना काही समजत नव्हतं. त्यांनी पुष्कळ वेळ पडद्याकडं बघायचा प्रयत्न केला, मग त्या दीपमालाकडंच बघत राहिल्या. जेवणाआधी त्यांना एकदा डुलकी लागली, ती त्यांनी लपवली.

“हे संपतं कवा?” चारच्या सुमाराला त्यांनी विचारलं.

“पाच दिवसांनी.”

“पाच दिवस!”

“कंटाळलीस?”

“नाय,” सरूबाई म्हणाल्या. “इचारलं आपलं.”

साडेचारच्या गाडीला बसवायला दीपमाला फाटकापर्यंत आली, त्याच्या पुढं गुडघ्यांनी येऊ दिलं नाही. गाडीत सरूबाईंच्या शेजारची सीट रिकामीच राहिली. शहरात उतरल्यावर त्यांनी रिक्षा केली. रिक्षा सिग्नलला थांबली तेव्हा त्यांनी पुढं वाकून विचारलं, “दादा, कसोटीचं काय झालं? किती गेले?”

रिक्षावाल्यानं आरशातून त्यांच्याकडं बघितलं. “टेस्ट मॅच? वो कोन देखता अब, मौशी,” म्हणाला आणि गियर टाकला.